मानेतली गाठ आणि रक्तातली शुगर

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की खोकला दोन आठवडे हटला नाही तर थुंकी तपासून घ्या, आणि शुगर असेल तर तेवढीही वाट पाहू नका. त्यावर बरीच पत्रं आली. गंमत अशी, की त्यांत खोकल्याचं एकही नाही. कुणाची मान, कुणाची पाठ, कुणाचं पोट, कुणाची लघवी. म्हणजे सगळा फुप्फुसाबाहेरचा टीबी, आणि प्रत्येक घरात सोबतीला मधुमेह. पत्रं लांबलचक होती, मुद्द्यापुरती छापते आहे. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : सासूबाईंचं वय ६१, शुगर १२ वर्षांपासून. मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. आता सुईने तपासणी झाली आणि टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आहेत. खोकला अजिबात नाही. शेजारच्या काकू म्हणतात, शुगर कायम अडीचशे-तीनशे असायची, त्यामुळेच छातीतला टीबी मानेत चढला. हे खरं आहे का? आम्ही चाळीत एका खोलीत सहा जण राहतो. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सासूबाईंनी आपणहून ताट-वाटी वेगळी केली आहे आणि नातवाला जवळ घेत नाहीत. — एक सून, लालबाग

उत्तर : ताई, ताट-वाटी आजच्या आज एकत्र करा. कुठल्याच प्रकारचा टीबी भांड्यांतून, कपड्यांतून किंवा सामाईक संडासातून पसरत नाही. तो पसरतो हवेतून, आणि हवेत जंतू सोडायची सोय फक्त फुप्फुसाला आणि घशाला आहे. मानेच्या गाठीतला जंतू गाठीतच बसून असतो. गाठ फुटून पू वाहू लागला तर ड्रेसिंग झाकलेलं ठेवायचं आणि हात धुवायचे, बस.

नातवाला मांडीवर घेण्याचं मात्र छातीचा फोटो पाहून ठरवू. तुमच्या चार पानी पत्रात सासूबाईंच्या मामेबहिणीचाही उल्लेख आहे, पण छातीचा एक्स-रे काढला की नाही, ते कुठेच नाही. गाठीचा टीबी आहे, खोकला नाही, मग फोटो कशाला, असं म्हणून तो राहून जातो. ज्याला शुगर नाही त्याच्या बाबतीतही तो राहू नये. सासूबाईंच्या बाबतीत तर मुळीच नको, आणि त्याचं कारण काकूंच्या बोलण्यातच दडलेलं आहे.

टीबीचा जंतू शरीरात शिरतो तो बहुतेक वेळा श्वासातून, फुप्फुसातच. तिथून तो लसिकावाहिन्यांतून आणि रक्तातून गाठींत, मणक्यांत, मूत्रपिंडांत, कुठेही जाऊन बसतो. कधी वर्षानुवर्षं गप्प असतो आणि अंगातली ताकद कमी झाली की डोकं वर काढतो. त्या अर्थाने ‘छातीतून मानेत’ हे सगळ्यांनाच लागू आहे, शुगर असो वा नसो. शुगरने काय होतं? टीबी होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. २००८ साली वेगवेगळ्या देशांतले तेरा अभ्यास एकत्र करून हा आकडा काढला गेला आणि तो आजही धरला जातो. म्हणजे काकू अर्ध्या बरोबर आहेत. वाढलेल्या शुगरने सासूबाईंच्या टीबीला दार उघडून दिलं असणार.

पण ‘फुप्फुस सोडून मानेत जाण्याचं’ खापर शुगरवर फोडता येत नाही. उलट बऱ्याच अभ्यासांत दिसतं ते असं, की मधुमेही माणसाला टीबी झाला तर तो फुप्फुसातच होण्याकडे कल जास्त असतो. बाहेरच्या टीबीचं प्रमाण त्यांच्यात इतर रुग्णांपेक्षा कमीच भरतं. एचआयव्हीत याच्या उलट होतं, तिथे टीबी अंगभर पसरतो. प्रतिकारशक्ती कमी झाली असं आपण दोन्हीकडे सरसकट म्हणतो, पण ती वेगवेगळ्या जागी कमी होते. एचआयव्हीत जंतूला घेरून ठेवणाऱ्या पेशीच संपत जातात. मधुमेहात पेशी असतात, पण कामाला उशिरा लागतात. मधुमेह असलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की फुप्फुसातला जंतू लसिकाग्रंथीपर्यंत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या चौकीपर्यंत, पोचायलाच वेळ लागतो. तिथे वर्दी उशिरा गेली की फौजही उशिरा निघते, आणि तोवर जंतू फुप्फुसात मोकाट वाढलेला असतो. माणसात अगदी असंच घडतं असं मी म्हणणार नाही, पण शुगर हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात मोठ्या पोकळ्या आणि थुंकीत भरपूर जंतू का सापडतात, ते यावरून थोडंफार उमगतं.

आणखी एक साधी गोष्ट. गाठींचा टीबी तरुणांत आणि बायकांत जास्त दिसतो. मधुमेह असतो तो बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना. त्यामुळे वय आणि बाई-पुरुष हा फरक बाजूला काढल्याशिवाय शुगरचा दोष किती, ते कळत नाही. काही ठिकाणी हा फरक काढल्यावर शुगरचा संबंध फिका पडतो, काही ठिकाणी टिकतो.

म्हणून फोटो. मधुमेही माणसाला गाठीचा टीबी निघाला, की सोबत छातीतही काही आहे का, हे शोधलंच पाहिजे. एरवी टीबीचा डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. मधुमेहात तो खालच्या भागात असू शकतो आणि साधा न्यूमोनिया म्हणून सुटून जातो. फोटो दाखवताना ‘यांना शुगर आहे’ हे डॉक्टरांना तोंडाने सांगा. फोटोत काही दिसलं तर थुंकी तपासा, घरातल्या सहाही जणांची तपासणी करा, आणि पोराला आजार नसेल तर टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध सुरू करतात, त्याबद्दल विचारा. फोटो स्वच्छ असेल तर आजी-नातवाच्या मध्ये कुणी येऊ नका.

तुम्ही लिहिलं नसलं तरी पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण महिन्या-दीड महिन्याने तो येतोच : ‘गोळ्या चालू असताना गाठ वाढली!’ किंवा शेजारी दुसरी उगवली. काही जणांत असं होतं. औषधाने मेलेल्या जंतूंवर शरीर उशिराने चिडतं, त्याची ती सूज असते. गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण ‘होतं असं’ म्हणून घरीही बसायचं नाही, कारण औषधाला दाद न देणारा टीबी मुंबईत आहे. सुईने काढलेल्या नमुन्याची सीबीनॅट तपासणी झाली आहे का, ते रिपोर्टच्या फाइलमध्ये बघा. जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) दाद देतो का, या दोन्ही गोष्टी त्यात कळतात. नुसतं ‘ग्रॅन्युलोमा’ (सुजेच्या पेशींचा पुंजका) लिहिलेला कागद असेल तर गाठ वाढल्यावर तो उपयोगाचा नाही. पालिकेच्या केंद्रात ही तपासणी फुकट होते.

गाठीच्या टीबीला उपचार साधारण सहा महिने. संपताना गाठ बोटाला थोडी लागत राहिली तरी तेवढ्यावरून औषध वाया गेलं असं नाही.

शुगरचं काय? टीबीचे उपचार चालू असताना मधुमेही रुग्ण दगावण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट आणि बरा झाल्यावर पुन्हा टीबी होण्याची सुमारे चौपट, असं २०११ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात निघालं. त्यातले बहुतेक रुग्ण फुप्फुसाच्या टीबीचे होते, त्यामुळे मानेच्या गाठीला हे आकडे जसेच्या तसे लावून सासूबाईंना घाबरवू नका. पण अडीचशे-तीनशे शुगर घेऊन सहा महिने गोळ्या खाण्यात काही राम नाही.

(माझा दवाखाना परळला. १९८२ च्या गिरणी संपाआधी इथे टीबी म्हटलं की गिरणीतला हडकलेला कामगार डोळ्यांपुढे यायचा, असं जुने डॉक्टर सांगत. आता त्याच कामगारांची मुलं-सुना टीबी घेऊन येतात, पण पोट सुटलेलं, हातात शुगरची फाइल. टीबीचा माणूस रोडच असतो, ही समजूत इथल्या लोकांच्या मनातून अजून जात नाही. त्यातच बरेच दिवस वाया जातात.)

प्रश्न : वय ५८. बेस्टमध्ये ड्रायव्हर होतो. शुगर १५ वर्षं. चार महिने पाठ दुखते. आधी सगळे म्हणाले, गाडी चालवून मणके झिजले. पट्टा लावला, शेक घेतला, गोळ्या खाल्ल्या. आता एमआरआयमध्ये दोन मणक्यांना इन्फेक्शन आणि बाजूला पू दिसतो आहे. सर्जन म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू. मेहुणे म्हणतात, मुंबईत मणक्याला पू म्हणजे टीबीच, सरळ गोळ्या सुरू करा, मणक्यात सुई कशाला घालून घेता? पायही बधिर वाटतात, पण ते शुगरमुळे आधीपासूनच आहे. — एक वाचक, कुर्ला

उत्तर : दादा, मेहुण्यांचा अंदाज बरोबर निघेलही. मणक्याच्या टीबीचं पहिलं नीट वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ साली केलं, म्हणून आजही डॉक्टर त्याला ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात, आणि आपल्याकडे तो भरपूर दिसतो. पण मेहुण्यांनी तुमची १५ वर्षांची शुगर हिशेबात धरलेली नाही. मधुमेही माणसाच्या मणक्यात साधे पू करणारे जंतूही घर करतात. त्यांतला नेहमीचा म्हणजे स्टॅफिलोकॉकस. पायाच्या जखमेतून, गळवातून रक्तात जातो आणि मणक्यात बसतो. त्याला टीबीच्या गोळ्या देऊन भागत नाही, वेगळी अँटिबायोटिक्स शिरेतून द्यावी लागतात. एमआरआय पाहून अंदाज बांधता येतो. टीबीत मणक्यांमधली चकती बराच काळ शाबूत राहते आणि पू मोठा साठतो, वगैरे. पण मधुमेहात हे ठोकताळे चुकतात. शिवाय टीबीच निघाला तर पुढे वर्षभर, कधी १८ महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. एवढं लांबलचक औषध अंदाजावर सुरू करू नका. सुई सीटी स्कॅनच्या पडद्यावर बघत, ती जागा बधिर करून घालतात. सुईला घाबरू नका.

मात्र एक काम तुम्ही किंवा मुलाने जातीने करायचं. तुकडा काढला की तो सगळाच्या सगळा फॉर्मलिनच्या (नमुना टिकवायच्या रसायनाच्या) बाटलीत जाणार नाही, याची आधीच खात्री करा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघता येतात, पण जंतू वाढवून बघता (म्हणजे कल्चर करता) येत नाही आणि सीबीनॅटचाही भरवसा राहत नाही. म्हणून एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये, स्वच्छ डबीत. सलाइनच्या डबीतून तीन तपासण्या : साधं कल्चर, टीबी कल्चर, सीबीनॅट. ऑपरेशन थिएटरच्या गडबडीत सलाइनची डबी विसरली जाते आणि मग पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. सकाळी भरती होताना नर्सला विचारा, ‘सिस्टर, सलाइनची डबी ठेवलीय ना?’ कुणी रागावलं तर रागावू दे.

आता तुमच्या पायांबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. शुगरची बधिरता तळव्यांपासून सुरू होते, दोन्ही पायांत सारखी, आणि वर्षं-वर्षं घेत हळूहळू वर चढते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, रात्री तळवे जळजळतात. मणक्यातला पू मज्जारज्जूवर दाबला तर चित्र वेगळं असतं : पाय जड किंवा ताठ होतात, जिना चढताना गुडघा दगा देतो, छातीभोवती किंवा पोटाभोवती आवळपट्टी बांधल्यासारखं वाटतं, लघवी अडते किंवा कळत नाही. यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. वेळेत दाब काढला तर पाय परत येऊ शकतात. ‘शुगरमुळेच असेल’ या दोन शब्दांनी मी चालते-फिरते पाय गेलेले पाहिले आहेत.

आणि तो गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बंद करा. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

प्रश्न : वय ४९. आतड्याच्या टीबीची औषधं दोन महिने चालू आहेत. त्याआधी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडवर माझी उपाशीपोटीची शुगर १३० च्या आसपास असायची. आता २४० च्या खाली येत नाही. मी पथ्य पूर्ण पाळतो. बायको म्हणते, ऑफिसात चोरून गोड खाता. तिला कसं पटवू? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : वहिनींना हा अंक वाचायला द्या. यात तुमचा दोष असेलच असं नाही; बराचसा दोष रिफाम्पिसिनचा आहे. टीबीच्या औषधांतलं हे मुख्य शस्त्र, लघवी नारिंगी करतं तेच. ते यकृताला इतकं कामाला लावतं, की यकृत दुसरी औषधंही झपाट्याने मोडून टाकतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या त्यात सापडतात. गोळी तीच, पण रक्तात टिकते कमी. मेटफॉर्मिन यकृताच्या त्या रस्त्याने जातच नाही, म्हणून ते टिकतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनवर आणि कोलेस्टेरॉलच्या अटोरव्हास्टॅटिनवरही हाच परिणाम होतो. म्हणजे तुमचा बीपीही हल्ली वर असेल तर चकित होऊ नका. शिवाय मुळात टीबी हा मोठा आजार आहे, आणि कुठल्याही मोठ्या आजारात शुगर चढते. काही जणांना तर टीबीच्या निमित्तानेच आपली शुगर वाढलेली कळते, आणि त्यांतल्या काहींची टीबी बरा झाल्यावर उतरतेही.

रिफाम्पिसिन सोडायचं नाही. बदलायचं ते शुगरचं औषध. आतड्याचा टीबी आहे, भूक कमी आहे, वजन घटलं आहे (तुम्ही नऊ किलो लिहिलं आहे), अशा वेळी मी स्वतः इन्सुलिनकडेच वळते. ‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. टीबी आटोक्यात आला, भूक परतली, की बरेच जण पुन्हा गोळ्यांवर येतात. मेटफॉर्मिन चालू ठेवायला हरकत नाही, फक्त आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून घ्या. मळमळ मेटफॉर्मिनची की टीबीच्या गोळ्यांची, हा घोळ होतो. म्हणून मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या. मळमळीमुळे जेवण टाळलं आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन मात्र घेतलं, तर शुगर धाडकन खाली येते. खिशात साखरेची पुडी ठेवा. तेवढं गोड वहिनींनाही चालेल.

कोर्स संपल्यावर काय होतं, हे कुणी सांगत नाही. रिफाम्पिसिन बंद झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं. तोवर शुगरच्या औषधाचा डोस वाढवून ठेवलेला असेल तर तोच डोस अचानक जास्त होतो. टीबीचे उपचार संपले म्हणून पेढे वाटायला निघालेला माणूस घामाघूम होऊन पडतो तो यामुळे. शेवटच्या गोळीनंतरच्या पंधरवड्यात ग्लुकोमीटर हाताशी ठेवा आणि शुगरच्या डॉक्टरांची तारीख आधीच घ्या.

आणखी दोन छोट्या गोष्टी. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडनेही पायांत मुंग्या येतात. शुगरच्या मुंग्या आधीच असतील तर भरच. म्हणून बी-६ ची गोळी, रोज १० मिलिग्रॅम, सोबत असावी. त्याच गोळ्यांतलं एथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकतं आणि शुगर पडद्यावर. डोळे एकदा आत्ताच तपासून घ्या, म्हणजे पुढे लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला तर कशामुळे, ते कळेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६६, शुगर २० वर्षं. दीड वर्षात पाच वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं. दर वेळी पस सेल्स (पूच्या पेशी) भरपूर, पण कल्चरमध्ये काही येत नाही. लिव्होफ्लॉक्सासिनने बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय, शुगरच्या नव्या गोळ्यांनी वजन उतरतं का? — विलेपार्ले

उत्तर : बाई, शुगर असलेल्या स्त्रियांना लघवीचं इन्फेक्शन वारंवार होणं नेहमीचंच आहे, आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या नव्या गोळ्यांवर असाल तर लघवीतून साखर जाऊन बुरशीचा त्रासही होतो. तुमचं कारण यांतलंच असण्याची शक्यता जास्त. पण पस सेल्स भरपूर आणि कल्चर पुन्हा पुन्हा कोरडं, हे जोडून आलं की मूत्रपिंडाच्या टीबीचा विचार व्हायला हवा. तो साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. वर लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही थोडंफार मारतं. म्हणजे चार दिवस बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. सहाव्यांदा ती स्ट्रिप आणण्याआधी सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना टीबी कल्चर आणि सीबीनॅटला द्या, पोटाची सोनोग्राफी करा. जंतू लघवीत रोज येत नाही, म्हणून नमुने तीन वेगवेगळ्या सकाळचे. मूत्रपिंडाचा टीबी गुपचूप मूत्रवाहिनी आवळत जातो आणि नुसत्या शुगरच्या नावावर किडनी खराब झाल्याची नोंद होते.

वजनाबद्दलही विचारलं आहेत. नव्या गोळ्यांनी वजन उतरतं, खरं. पण वजन उतरतंय, शुगर मात्र चढतेय, आणि संध्याकाळी अंगात कणकण, असं असेल तर गोळीचे आभार मानत बसू नका.

प्रश्न : टीबी आहे की नाही, हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं का? लॅबवाला कळतं म्हणाला. — भांडुप

उत्तर : नाही. टीबीच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासण्यांवर भारत सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे. ‘गोल्ड’ नावाने ओळखली जाणारी तपासणी वेगळी आहे. जंतू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच ती सांगते. तो आत्ता आजार करतो आहे का, ते नाही. शुगर वाढलेली असताना तर तिचं उत्तर आणखी डळमळीत. जिथे आजार आहे तिथला नमुना काढावा लागतो. पैसे त्यावर खर्च करा.

प्रश्न : नवऱ्याला छातीत पाणी झालं, टीबीचंच निघालं. शुगरही आहे. डॉक्टर म्हणतात, ताकदीचं खायला घाला. सासू म्हणते शिरा, तूप, शहाळं, खजूर. शुगरवाले डॉक्टर म्हणतात, यातलं काही नको. मी करू काय? — वरळी कोळीवाडा

उत्तर : सासूबाईंचा शिरा बाजूला ठेवा, पण त्यांच्या हातचं बोंबलाचं कालवण चालू द्या. टीबीत लागतं ते प्रथिन, आणि ते तुमच्या दारातच येतं. बांगडा, बोंबील, सुका जवळा, करंदी. सुक्या मासळीला मीठ जास्त, म्हणून रक्तदाब असेल तर धुऊन, भिजवून घ्या. अंडी, चवळी-मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं. भात पूर्ण तोडू नका, आजारी माणसाचं वजन वाढायला हवं आहे. वाडगा छोटा करा आणि मासे आधी वाढा. शहाळं रोज नको, खजूर नको, ज्यूस तर नकोच, फळ चावून खाऊ द्या, पेरू, पपई. कुणी भेटायला येताना प्रोटीन पावडरचा डबा आणेल. पाठीमागे साखर किती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. दारू पूर्ण बंद. टीबीच्या गोळ्या आणि दारू दोन्ही यकृतावरच येतात.

महिन्यातून एकदा वजन करा, कारण टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ५० ते ६४ किलोला रोज चार. वजन बदललं की विचारा.

आणि नाव निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलं आहे ना? खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी नोंद व्हायलाच हवी. पोषणासाठी सरकार दरमहा १,००० रुपये देतं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी ५०० होते. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे नवऱ्याचं खातं चालू आहे का, आधारशी जोडलेलं आहे का, ते पाहा. नसेल तर पासबुक घेऊन पालिकेच्या टीबी केंद्रात जा, तिथली मंडळी भरून देतात.